पहिल्या सहीची जागा

३ एप्रिल
पाण्याचा टँकर आजही नाही. सुनीताला जाऊन अठरा दिवस झाले. दूध संस्थेत तिच्या जागेवर कुणी बसत नाही, माप मीच घेते. सवय नाही, दूध सांडतं. बायका बघतात.
टँकरच्या नंबरावरून भगवानने कुणाची तरी घागर फेकली, सुनीता आडवी गेली, त्याच्या हातात कुऱ्हाड... बावीस वर्षांची पोर. त्याचा हा दुसरा खून. पहिल्यात जन्मठेप होती, पॅरोलवर आलेला.
तो पॅरोल... नाही. आज नाही लिहवत.

५ एप्रिल
आमच्या संस्थेच्या उपाध्यक्ष शांताबाई अर्ज घेऊन आल्या. भगवानला फाशीच द्या, गावाची मागणी. खाली जवळजवळ सगळ्या सभासदांच्या सह्या, अंगठे. पहिली ओळ तेवढी कोरी. संस्थेची रीतच ती, कागद कसलाही असो, पहिली सही अध्यक्षांची. म्हणजे माझी.
म्हटलं, राहू दे आठवडाभर.
“कावून? एक मुडदा पाडून आत गेलता, भाईर आला की दुसरा. आजून कितींदा बघायचं?”
मी अर्जाची घडी करून वहीत ठेवली.
“बाईंच्या शाळंत माफी शिकवली. आमी शाळंतच गेलो न्हाई, लई बरं झालं!”
दूध घालायला आलेल्या सगळ्या हसल्या. मीही हसले. का हसले?

६ एप्रिल
सकाळपासून शाळा आठवते आहे. औरंगाबादचं कॉन्व्हेंट, लाल फरशी, मेणाचा वास. पेपरात फाशीची बातमी आली की सिस्टर अ‍ॅग्नेस दोघांसाठी प्रार्थना करायला लावायची, मेलेल्यासाठी आणि मारणाऱ्यासाठी. पहिली आम्ही मोठ्याने म्हणायचो, दुसरीला नुसते ओठ हलवायचो. तिला कळायचं. रागावली कधी नाही.
तेव्हा मारणारा पेपरात असायचा. हा भगवान माझ्या ओट्यावर चहा पिऊन गेलेला.

८ एप्रिल
लिहून टाकते.
फेब्रुवारीत कोंडाबाई आली, भगवानची आई. “बाई, घागर उचलंना गेलीय मला. पंधरा दिस येऊ द्या त्येला.” गावाची हरकत नाही, असा कागद पोलिसांना हवा होता. माझी सही झाली की बाकीचे करतात, हे तिला ठाऊक. मलाही. कागद नीट वाचलासुद्धा नाही. चहा ठेवला आणि सही केली.
आज तिचं दूध बायकांनी कॅनमध्ये ओतू दिलं नाही. दीड लिटर. छावणीतल्या चाऱ्यावर कशीबशी तगलेली गाय तिची. सभासदाचं दूध असं नाकारता येत नाही, नियम मला पाठ आहे. बोलले नाही. ती चरवी पदराखाली झाकून परत गेली.

१० एप्रिल
पुण्याहून मुलाचा फोन. “आई, सही कर. हा पुन्हा सुटणार नाही याची दुसरी खात्री काय?” खरंच आहे. तो आतच असता तर सुनीता आज माप घेत असती.
पण ज्या हाताने त्याला बाहेर आणलं त्याच हाताने आता त्याचा जीव मागायचा? सुनीतासाठी, की माझा तो कागद झाकला जावा म्हणून? हे मला कळेपर्यंत

(शांताबाई आल्या, उठावं लागलं.)

१२ एप्रिल
सांगून आले. सुनीताच्या आईला, रुक्मिणला. ज्वारी निवडत बसली होती. म्हटलं, पॅरोलच्या कागदावर पहिली सही माझी आहे.
तिचा हात थांबला नाही.
“ठावं हाय बाई. तुमच्या खाली माजाच अंगठा हाय.”
 तिने सूप सरकवून जागा केली.
“कोंडी आन् मी एकाच साली नांदाया आलो ह्या गावात. रडत आली, न्हाई कसं म्हनू? माज्या अंगठ्याला शाई सुनीतानंच लावली.”
सुपातले खडे तिने वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, “फाशीच्या कागदावर बी केलाय म्या अंगठा. तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. त्येला लटकवलं तर आदला अंगठा पुसंल का?”
मीही तिच्या सुपातली ज्वारी निवडू लागले. 
उद्या शांताबाई अर्ज न्यायला येणार, वडवणीला तहसील कचेरीत द्यायचा आहे. सही करा असं रुक्मिण म्हणाली नाही, करू नका असंही नाही. निघताना एवढंच म्हणाली, “सकाळी मी बी येते. काय करायचं ते माज्या म्होरं करा.”