कावेरीचं माहेर

कुडची, १४ जानेवारी १९९६

चि. योगीराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तिळगूळ पोचेल तेव्हा थोडा मोडलेला असेल, पण गोडीत फरक पडत नाही.

आपले जावई, कस्तुरीचे यजमान सूर्यकांतराव शाळेच्या कामाने बंगलोरला येत आहेत. त्यांच्याबरोबर माझ्या नऊ वह्या पाठवतो आहे. पोस्टाचा धीर झाला नाही. तीस वर्षं घराण्याची माहिती जमवली, आता तिला वाळवी लागली आहे आणि माझ्या डोळ्यांनाही. तुमच्या कॉम्प्युटरला वाळवी लागत नाही म्हणतोस, तेव्हा हे काम तुझं.

पहिल्या तीन वह्यांत पुरुष आहेत. ते सोपं काम होतं, देवस्थानच्या कागदांत सगळ्यांची नावं होती. पुढच्या सहा वह्यांत लेकी आणि सुना आहेत. कोण कुठून आली, कोण कुठे दिली, माहेरी तिला काय म्हणत. त्यासाठी मी अथणी, जमखंडी, निपाणीच्या किती म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसलो ते माझं मला माहीत. तुझी काकू म्हणायची की जगाच्या आज्या शोधत फिरता, घरात तेल संपलंय ते दिसत नाही.

सहाव्या वहीत कावेरीचं पान आहे, ते जपून उतरव. ती माझ्या आजोबांची, विश्वेश्वरांची पहिली बायको. मूल होत नाही म्हणून आजोबांनी तिला माहेरी धाडली ती परत आणलीच नाही. घरात पुन्हा कोणी तिचं नाव काढलं नाही. तिचं माहेर कोणतं हे शोधायला मला अकरा वर्षं लागली. अथणीच्या एका नव्वदीच्या बाईंनी सांगितलं आणि त्या महिन्याभरात गेल्या. आमचे आबा म्हणाले होते, हे लिहू नकोस, घराण्याची अब्रू जाईल. मी लिहिलं. जे झालं ते लिहायचं, मग ते कोणी का केलेलं असेना.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो पत्राने कळवत जा.

तुझा,
भीमाचार्यकाका


यशवंतपूर, बंगलोर, ६ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कान धरतो. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात सध्या श्वास घ्यायला वेळ नाही. पण आनंदाची बातमी अशी की तुमचं काम पुरं झालं. नऊही वह्या दोन फ्लॉप्यांत मावल्या. मल्लेश्वरममधल्या एका छापखान्यात देवनागरी अक्षरांची सोय आहे, तिथे रविवारी बसत होतो. मालक कानडी आहेत, पण आता त्यांनाही आपले पणजोबा तोंडपाठ झाले आहेत. स्वल्प कॉफी घ्या म्हणून दर तासाला उठवतात.

सूर्यकांतभावजी पुन्हा इथे आले आहेत, त्यांच्याबरोबर वह्या पाठवतो. नमुन्याला पहिली वीस पानं छापून ठेवली आहेत. अक्षर मोठं केलं आहे, तुम्हाला भिंग लागू नये. पुस्तक उन्हाळ्यात घेऊन येईन.

कस्तुरीअक्काला सांगा, तिच्या शेंगाचटणीची बरणी रिकामी होऊन महिना झाला. माझ्यावर आहे तेवढी माया असू द्यावी.

तुमचा,
योगीराज


कुडची, २७ नोव्हेंबर १९९६

चि. योगीराज यास,
अनेक आशीर्वाद. अक्षर कस्तुरीचं आहे, डोळ्यांपुढे आता नुसतं धुकं असतं. ती शाळेतून येता-जाता डोकावते, तेव्हा पत्रं होतात.

तुझी वीस पानं तिने मला वाचून दाखवली. मी पुन्हा वाचायला लावली. गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली, आता लोक मला बघून रस्ता बदलतात म्हणे. बाबा, तू माझ्या जन्माचं काम केलंस.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. नवी प्रत पुरी झाली की जीर्ण पोथी घरात ठेवायची नाही. कार्तिकी पौर्णिमेला वह्यांची पूजा केली, फुलं वाहिली, आणि सूर्यकांतरावांचा हात धरून पायऱ्या उतरून त्या कृष्णेत सोडल्या. तू सात वर्षांचा असताना आबांबरोबर असाच घाटावर आला होतास. पोथी वाहून गेली म्हणून रडलास, तेव्हा आबांनी सांगितलं की नवी प्रत घरात आहे, मग रडायचं कशाला. मला त्याची आठवण झाली. मीही थोडा रडलो, पण सुखाने.

उन्हाळ्याची वाट बघतो. मायेला आमच्याकडे तोटा नाही.

भीमाचार्यकाका


यशवंतपूर, ३ डिसेंबर १९९६

सौ. कस्तुरीअक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र भावजींच्या शाळेच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतो आहे. एकटी वाच.

अक्का, मी खोटं लिहिलं. फ्लॉपीत फक्त पहिल्या तीन वह्या उतरल्या आहेत. पुढच्या सहा मी उघडल्यासुद्धा नाहीत. सुरुवातीला चार रविवार नेटाने बसलो. मग एक रविवार सिनेमाला गेला, एक कारखान्यात, आणि मग छापखान्याकडे जायचीच लाज वाटू लागली. मनात म्हणायचो, मुख्य घराणं तर झालं, लेकीसुनांचं काय, सावकाश करू. काका प्रत्येक पत्रात विचारत होते. भावजी वह्या न्यायला दारात उभे राहिले तेव्हा झालं म्हणून टाकलं. उन्हाळ्यात काहीतरी निमित्त काढून उरलेल्या वह्या परत आणायच्या असं ठरवलं होतं.

ती रीत मला आठवायला हवी होती. मी त्या घाटावर रडलो होतो आणि तरी मला आठवली नाही. आता काकांना कसं सांगू ते तूच सांग. तू म्हणशील ते करीन.

तुझा,
योगी


कुडची, १२ डिसेंबर १९९६

चि. योगीस,
आशीर्वाद लिहायची इच्छा नव्हती, पण रीत म्हणून लिहिते.

पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. नवव्या वहीतलं शेवटचं नाव माझं होतं, तुला माहीत असायचं कारण नाही. माझ्या लग्नानंतर अण्णांनी ते मला दाखवून लिहिलं. मुख्य घराणं झालं म्हणतोस, त्यात मी नाही, आई नाही, तुझी आईही नाही. मला फार लागलं, योगी.

अण्णांना सांगणार नाही. ते इतके खुशीत आहेत की माझी जीभ रेटत नाही. रोज दिवेलागणीच्या आधी मी त्यांच्याजवळ बसते आणि सहज म्हणून विचारते, अण्णा, जमखंडीच्या गोदाक्का कुठल्या हो, आणि जात्यावर दळता दळता ओव्या म्हणणारी ती कोण. ते सांगतात, मी स्वयंपाकघरात जाऊन टिपून ठेवते. पाच दिवसांत एकतीस नावं झाली. वह्यांत चारशेच्या वर होती. काल एका सुनेची तीन निराळी माहेरं सांगितली.

चटणी पाठवत नाही.

कस्तुरी


कुडची, २ मार्च १९९७

चि. योगीराज,
आशीर्वाद. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, समजून घे.

कस्तुरी तीन महिने मला रोज आज्या विचारते. आयुष्यात कधी विचारल्या नव्हत्या. ज्याच्या घरात प्रत आहे त्याने मला कशाला विचारावं. परवा मी तिला सरळच म्हणालो, किती वह्या गेल्या ते सांग. ती रडली, मग सगळं सांगितलं.

राग आला. दोन दिवस जेवलो नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. मग वाटलं, वह्या सोडल्या कोणी? नवी प्रत डोळ्यांनी बघावी, ओळ अन् ओळ ताडावी, मगच जुनी सोडावी, हीसुद्धा रीतच आहे. आबा महिना महिना ताडत बसायचे. मी वीस पानं ऐकली आणि भुललो. पुतण्याने लिहिलंय म्हणून मिरवायची घाई मला झाली होती.

कावेरीचं माहेर मला आठवत नाही. तीन महिने आठवतो आहे. गावाचं नाव लहान होतं, नदीकाठचं होतं, एवढंच येतं. सांगणारी बाई केव्हाच गेली. एकदा आजोबांनी तिला घराबाहेर काढलं, दुसऱ्यांदा आपण दोघांनी.

आता ऐक. कस्तुरीने एकशे बारा नावं जमवली आहेत, ती स्वतः नकलून घे, हाताने. जिथे आठवत नाही तिथे जागा कोरी सोड, अंदाजाने भरू नकोस. आणि वह्या कशा गेल्या ते शेवटी लिही, नावांसकट. आजोबांचं मी लिहिलं होतं, मग आपलं का लपवायचं.

ये एकदा. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, तिला आता थोडं दुखतं इतकंच.

भीमाचार्य


यशवंतपूर, ९ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला वही पुरी केली. फ्लॉपीतल्या तीन वह्यासुद्धा पुन्हा हाताने उतरवल्या. प्रत्येक पान ताडलं. पुढच्या शनिवारी घेऊन येतो आहे, दारात उभा राहीन, आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. अक्काला सांगा, चटणी मागणार नाही.

शेवटचं पान इथेच उतरवून पाठवतो, कस्तुरीअक्काकडून वाचून घ्या, चूक असेल तर आल्यावर सांगा.

"कावेरी, विश्वेश्वरांची प्रथम पत्नी. हिला घरातून पाठवून दिले. हिचे माहेर भीमाचार्यांनी अकरा वर्षे शोधून लिहून ठेवले होते. भीमाचार्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा योगीराज याने ते पान उघडले नाही व उतरवले असे खोटे कळवले. त्यावर विसंबून, न ताडता, भीमाचार्यांनी वह्या कृष्णेत सोडल्या. कार्तिकी पौर्णिमा, १९९६. त्यांत चारशेहून अधिक लेकीसुना होत्या. कस्तुरीने एकशे बारा परत आणल्या. कावेरीचे माहेर ठाऊक नाही. पुढे कोणास कळल्यास खालच्या ओळीवर लिहावे."

खालची ओळ मी आखून ठेवली आहे, काका.

तुमचा,
योगीराज