काटा साठावरच होता

के. आर. पुरम, बंगळूर
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय हयवदन,

अक्षर ओळखलंस का? आठ वर्षांत ते जरा मोठं झालंय, माझ्या मुलाला, ईशानला, गिरवायला देऊन देऊन. तुझा पत्ता रेशीम खात्याच्या ऑफिसातून मिळवला. तिथल्या बाईंनी तुम्ही कोण, असं विचारलं. ओळखीची, म्हटलं. तू होस्पेटला आहेस, लग्न झालंय, एक मुलगी आहे, हे त्यांनीच मग आपणहून सांगितलं. बरं वाटलं, अगदी खरं सांगते. हे पत्र मधेच मिटून ठेवू नकोस. मुद्द्याची गोष्ट शेवटी आहे आणि तिला तारीख आहे.

मागच्या महिन्यात कामासाठी होसूर रोडने जावं लागलं. बोम्मसंद्रा आता ओळखू येत नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंतीच भिंती. पण बसवंतचं टायरचं दुकान तिथेच आहे. तो स्वतः दारात बसला होता, केस पांढरे झालेत. मी बस थांब्यावर उभी होते, रस्ता ओलांडून गेले मात्र नाही.

जानेवारी एक्क्याण्णवमधला तो शनिवार तुला आठवत असेल. आधीच्या पावसाळ्यात तुझी जुनी जिप्सी कोलारकडच्या तळ्यांकाठी तीनदा रुतली होती, आणि तिसऱ्या वेळी रेशीमकिड्यांच्या अंड्यांची खोकी डोक्यावर घेऊन तू चार मैल चालला होतास. तेव्हापासून तू एकच जप धरला होतास, गाडीला मोठे टायर हवेत. मग बसवंतचा निरोप आला. कुठल्याशा परदेशी पाहुण्यांच्या जीपवरून उतरवलेले पाच ऑल-टेरेन टायर त्याच्याकडे आले होते, जेमतेम वापरलेले. चिखल, खडी, वाळू, कुठेही चालतील असे. ते रांगेत उभे केलेले पाहिले तेव्हा मला हसूच आलं. त्यांच्या खाचांत माझं बोट अख्खं जात होतं.

सगळी सकाळ आपण तिथे काढली. बसवंतने जुने टायर रिमवरून सोडवले, साबणाच्या पाण्याने कडा ओल्या करून नवे चढवले. पुढची चाकं बसली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर टायर आतून मडगार्डला घासायला लागला. त्याने मडगार्डची आतली कड हातोडीने ठोकून वळवली. तेवढ्यानेही भागेना, म्हणून स्प्रिंगांना लांब पट्ट्या घालून गाडीच दोन बोटं उचलली. पाचवा टायर मागच्या दारावर मावेना, तो तू आत सीटमागे दोरीने बांधलास. चाकांचे नट मी ओढणीत धरून बसले होते. ती ओढणी पुन्हा स्वच्छ झाली नाही. तू दर पाच मिनिटांनी गाडीभोवती फेरी मारून यायचास आणि म्हणायचास, "स्वल्प थांब कल्पना, आता बघ. आता कशी दिसते?" चार पिढ्या इथे राहिलेल्या तुमच्या घरच्या मराठीला मी तेव्हा फार हसायचे. आता ईशान बरं-बरं म्हणायच्या ऐवजी कन्नड 'सरी, सरी' करत घरभर फिरतो तेव्हा हसू येत नाही, कान आपोआप तिकडे जातात.

आणि आईचं चढणं! गाडी इतकी उंच झाली की तिचा पायच पोचेना. "ही गाडी आहे की अंबारी?" म्हणून ती फाटकापाशी उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी तू तिच्यासाठी लाकडी पाट घेऊन आलास, तो खाली ठेवायचास, हात द्यायचास आणि ती चढली की पाट उचलून सीटखाली सरकवायचास. आई अजून म्हणते, हेमलताबाई म्हणून आयुष्यात मला त्या एकट्यानेच मान दिला. नाव घेत नाही तुझं. पण मला कळतं.

आता फेब्रुवारीच्या त्या रविवाराकडे यावंच लागेल. तुझ्या आईवडलांनी मुळबागलला आम्हाला जेवायला बोलावलं होतं. बोलणी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, उघड कुणी म्हणत नव्हतं. निघण्यापूर्वी बाबांनी तुला अट घातली होती, बायकामाणसं आहेत, साठच्या पुढे जायचं नाही. तू "सरी काका" म्हणालास. बाबा पुढे तुझ्याशेजारी, आम्ही दोघी मागे. कोलार सोडल्यावर बैलगाडी आडवी आली, तू ब्रेक दाबलास, गाडी घसरत रस्त्याखाली उतरली आणि कलंडली. आपण तिघं खरचटण्यावर निभावलो. बाबांचा उजवा खांदा गेला.

पुढचं तू विसरला नसशील. इस्पितळातल्या खाटेवरून बाबा तुला शांतपणे म्हणाले, "वेग किती होता?" तू म्हणालास, "काटा साठावर होता, काका. त्याच्या वर गेलाच नाही." बाबांनी मान हलवली. कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस, गाडीत बसला की मनगटावरच्या घड्याळावर किलोमीटरचे दगड मोजायचा. साठचा वेग असेल तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक मिनिट. त्यांनी ओळीने तीन दगड मोजले होते, तिन्ही वेळा पंचावन्न सेकंद. "म्हणजे पासष्ट," ते म्हणाले. "अपघात कुणालाही होतो. पण शब्द मोडून वर मला खोटं सांगणाऱ्या माणसाच्या घरी मी मुलगी देणार नाही." तू पुन्हा म्हणालास, काटा साठावरच होता. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "कल्पना, तू तरी सांग यांना. मी खोटं बोलतो का?"

मी खाली फरशीकडे पाहिलं.

तू खोटं बोलत नव्हतास, हयवदन. बाबाही चुकले नव्हते. हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

बोम्मसंद्राला तू कॉफी आणायला रस्त्यापलीकडे गेलास तेव्हा बसवंत माझ्यापाशी येऊन म्हणाला होता, "अक्का, आता मीटर सुळ्ळु हेळत्ते." मीटर आता खोटं बोलणार. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, काट्याला मात्र ते कळत नाही. त्याने बजावलं, साहेबांना सांगा. मी म्हटलं, सांगते. उंची मोजून घेतली, जुना टायर अठ्ठावीस इंच, नवा साडेतीस. त्याच आठवड्यात हिशेबही केला. काट्यावर साठ दिसले की गाडी खरी पासष्टने जाते. एक चिठ्ठी लिहून काट्याशेजारी चिकटवायची, इतकंच काम होतं. कारखान्यात मी दिवसभर दुसरं काय करते? मापं तपासते आणि प्रत्येकावर 'यात इतकी चूक' अशी चिठ्ठी लावते. आणि तुझ्या गाडीवर लावायची चिठ्ठी मी विसरले. मुळबागलला कुठली साडी नेसायची, तुझ्या आईशी कन्नडमध्ये काय बोलायचं, याच्या नादात विसरले. तुला सांगायचंही विसरले. इतकी साधी गोष्ट होती ती.

बाबांच्या तोंडून पंचावन्न सेकंद ऐकले आणि मला सगळं एका क्षणात उमगलं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण आई रडत होती, बाबांचा हात गळ्यात बांधलेला होता, आणि मला वाटलं, आज म्हटलं तर हा खांदा माझ्या नावावर लागेल. उद्या सांगू. उद्या बाबांना ताप होता. परवा तू आलास आणि त्यांनी तुला दारातूनच परत पाठवलं. जितके दिवस गेले तितकं ते वाक्य जड होत गेलं. तू तीन महिने वाट पाहिलीस, रोज संध्याकाळी माझ्या बसच्या थांब्यावर यायचास. तू विचारायचास, निदान तुझा तरी विश्वास आहे ना? आणि मी म्हणायचे, बाबांना थोडा वेळ दे. विश्वास आहे एवढंही मला म्हणवलं नाही, कारण त्यापुढचा प्रश्न मला नको होता. मग तुझी बदली झाल्याचं कळलं. तू ती मागून घेतलीस असं लोक म्हणाले.

मी पुढे श्रीकांतशी लग्न केलं. चांगला माणूस आहे, आमचं बरं चाललंय. हे लिहिते ते तुझ्याकडे काही मागण्यासाठी नाही.

यंदा गांधी जयंतीला आम्ही सगळे श्रीकांतच्या गाडीतून कोलारला निघालो होतो. बाबांनी ईशानला मांडीवर घेतलं, आपलं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं आणि दगड मोजायला शिकवलं. ईशानने विचारलं, "आजोबा, घड्याळ आणि गाडीचा काटा वेगळं सांगायला लागले तर कुणाचं खरं?" बाबा म्हणाले, "दोन्ही खरंच सांगतात बाळ, खोटं माणूस बोलतो. तुला एका माणसाची गोष्ट सांगतो." आणि त्यांनी तुझी गोष्ट सुरू केली. नाव न घेता, रागही नव्हता त्यात. एका गुणी मुलाला पाच किलोमीटरसाठी खोटं बोलायची काय गरज होती, असं हळहळत सांगत होते. सहा वर्षांचा माझा मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता. मी श्रीकांतला गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली उभं राहून, सगळ्यांसमोर, मी बोलले.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी टायरांच्या उंच्या विचारल्या. डाव्या हाताने कागदावर हिशेब मांडला, आता ते डाव्यानेच लिहितात, दोनदा पडताळला. मग म्हणाले, "आठ वर्षं तू माझी सही चुकीच्या निकालावर राहू दिलीस." घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. आईने मात्र त्या दिवशी मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मेले, मला तरी सांगायचंस." तेवढ्यावरच मी फार रडले.

तिसऱ्या दिवशी बाबा सकाळी एकटेच स्टेशनवर गेले आणि तिकीट काढून आले. हयवदन, ते तुझ्याकडे येताहेत. शनिवारी, सोळा तारखेला, सकाळच्या गाडीने होस्पेटला उतरतील. एकाहत्तर वर्षांचे आहेत, सोबत कुणी नको म्हणतात. पत्राने माफी मागणं त्यांना पळवाट वाटते. तुला कळवू नका, असंही बजावलंय, कारण तू स्टेशनवर आलास तर त्यांना ते तुझे उपकार वाटतील. पण मी तुझ्याबाबतीत एकदा गप्प राहिले, पुन्हा राहणार नाही. शिवाय माझी चूक तुला त्यांच्या तोंडून कळावी, हे मला सोसवलं नसतं. ती माझीच होती आणि मीच सांगायला हवी होती. तू स्टेशनवर जा. त्यांची पिशवी आधी हातातून घे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि ते तसं सांगणार नाहीत. घरी नेऊन कॉफी दे, तुझ्या मुलीला त्यांच्याशेजारी बसव. ते बोलायला लागले की मधे "असू दे काका" म्हणू नकोस, त्यांना शेवटपर्यंत बोलू दे. मला क्षमा करायची की नाही, ते तू सवडीने ठरव. शनिवारी तेवढं दार उघड.

त्या दिवसांतली तुझीच,
कल्पना