पहिले सदुसष्ट

ता. ४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वरच्या वस्तीवर लस न्यायचं काम आता माझ्याकडे आलंय. तिथे ना वीज, ना गाडीरस्ता. सकाळी सातला पेटी भरायची, खांद्याला लावून चढायचं आणि दुपारी एकपर्यंत टोचणी उरकायची. पेटीत बर्फाच्या चार डब्या, मिळून एक किलो सहाशे ग्रॅम. फ्रीझर उणे वीसवर असतो. पण आमच्या थोरल्या नर्सबाई त्या डब्या आधी टेबलावर काढून ठेवतात. हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच भरतात. त्यात पाऊण तास जातो आणि माझा जीव टांगणीला. वाटेतच बर्फ संपला तर चौतीस बाळांची लस वाया जाईल. कारण विचारलं, तर बाई म्हणतात, पहिल्यापासून असंच करतात. तुम्ही तीस वर्षं ही गणितं शिकवलीत, एवढं मला सोडवून द्या.

मामींना नमस्कार. माया आहे ती तशीच ठेवा.

तुमची भाचीबाई


ता. ८ मार्च

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

निवृत्त झाल्यापासून असा प्रश्न कुणी घातला नव्हता. मामी म्हणते, गडी परत वर्गात शिरला.

उणे वीसचा बर्फ शून्यावर यायला सदुसष्ट किलोज्यूल उष्णता घेतो. तिथून नुसता वितळायला पाचशे चौतीस, आणि तेवढा वेळ तापमान शून्यावरच राहतं. हे शिकवलं तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस. तुझ्या पेटीत तासाला पन्नासेक किलोज्यूल शिरतात असं धरू. म्हणजे बाई टेबलावर पहिले सदुसष्ट फुकट घालवतात, सव्वा तासाचा गारवा. तू फ्रीझरमधून काढ, सरळ पेटीत भर आणि चालू लाग. मोठ्यांचं ऐकावं, पण आकड्यांचं आधी ऐकावं.

तब्येतीला जप. आमची आठवण असू दे.

मामा


ता. १० मार्च

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद.

परवाचं पत्र फाडून टाक. मामीने बहिणीकडे जाताना डोळ्यांच्या औषधाची बाटली बर्फाच्या डबीला टेकवून बांधली होती. तिथे उघडली तर औषध गोठलेलं. लसही अशी गोठली की वायाच जाते. ते सदुसष्ट किलोज्यूल बर्फ घेणार कुणाकडून, हे मी पाहिलंच नाही. शेजारच्या कुपीकडूनच घेणार. तुमच्या बाई ते टेबलाकडून आणि खोलीतल्या हवेकडून घ्यायला लावतात. आणि मला हाव तरी कसली सुटली? उरलेल्या पाचशे चौतीसवर दहा तास निघतात, तुला सहाच हवेत.

तुमच्याकडे फोन लागत नाही. तू कुठल्या दिवशी वर जातेस तेही विचारलं नव्हतं. लगेच उत्तर दे, घास उतरत नाही.

मामा


ता. १४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं दुसरं पत्र काल आलं. मी परवाच वर जाऊन आले होते.

बाई रजेवर होत्या, म्हणून तुम्ही लिहिलं तसं केलं. वर झाकण उघडलं तर कुप्या गोठलेल्या. वितळू दिल्या, हलवल्या, तर तळाशी कण बसले. अशी लस टोचली तरी बाळ रडतं, आई निश्चिंत होते आणि उपयोग काहीच होत नाही. मी चौतीस आयांना सांगितलं की माझ्या चुकीने औषध बिघडलं, पुढच्या गुरुवारी या. त्यातली एक दोन तास चालून आली होती. ती म्हणाली, आता मी येणार नाही.

बाईंना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि गुरुवारी परत जा म्हणाल्या. मामा, तुमच्यावर रागावले आहे, खोटं कशाला लिहू. पण वर कुणी आलंच नाही तर, ही धास्ती त्याहून मोठी आहे.

राग आहे म्हणून लोभ कमी झालाय असं समजू नये.

भाचीबाई


ता. २० मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल पाऊण तास डब्या हलवत बसले. पाणी वाजलं, मग भरल्या. वर तेहतीस आल्या. ती दोन तासांवरची तेवढी आली नाही. एक वाजला होता आणि एक कुपी न फोडलेली उरली होती. तुमचे दहा तास आठवले. पुन्हा तुमच्या आकड्यावर विसंबायला मन धजत नव्हतं, तरी पेटी उचलली. वाटेत चार वेळा थांबून आतला तापमापक पाहिला.

तीन वाजता तिच्या दारात पोचले. ती पेटीकडे संशयाने बघत होती, म्हणून झाकण काढून एक डबी तिच्याच हातात दिली. तिने ती कानाशी धरून हलवली. आत अजून बर्फाचा खडा वाजत होता. मग तिने बाळाची बाही वर केली.

आता जेवा. पुढचं गणितही तुम्हालाच विचारीन, फक्त आधी बाईंना दाखवीन.

तुमची भाचीबाई