छपरावरच्या सौर संचाचे उरलेले अठ्ठावीस हप्ते

प्रति,
मा. शाखाधिकारी,
तेजोनिधी गृहऊर्जा सहकारी पतसंस्था मर्यादित,
शाखा : परळ, मुंबई.

अर्जदार : गुणाजी विठोबा परुळेकर, वय ७४, सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक, राहणार परळ गाव.

दिनांक : २७ नोव्हेंबर २०२५

विषय : घरविक्रीच्या वेळी सौर संचाचे उर्वरित हप्ते खरेदीदाराच्या नावे करण्याबाबत अर्जदाराचे शेवटचे म्हणणे.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ६ व २२ ऑक्टोबर. २) आपले पत्र दि. १८ नोव्हेंबर, त्यातील शेरा : "कर्जदाराची संमती दिसून येत नाही. अर्जदाराचा दबाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

महोदय,

१. चौतीस वर्षे दादरच्या एका विमा कचेरीत मी लोकांच्या अर्जांवर आवक क्रमांक घातले. त्यामुळे अर्ज किती लांब असला की साहेब वाचत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी हा लांब झाला आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचावा.

२. एप्रिल २०२१ मध्ये मी आमच्या राहत्या घराच्या स्लॅबवर सौर संच बसवला. घर माझ्या नावावर आहे, कर्ज मात्र पत्नी सौ. चंपा हिच्या नावे घेतले. कारण महिला कर्जदारास आपल्या संस्थेचे व्याज अर्धा टक्का कमी होते, आणि घरात नवी वस्तू येते ती घरच्या लक्ष्मीच्या नावे यावी असेही मनात होते. त्या अर्ध्या टक्क्यापायी मी हात दाखवून अवलक्षण करून घेतले. संचामुळे तिची आमसुले वाळवायची जागा जाणार म्हणून ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. शेवटी पश्चिमेकडची दोन हात जागा मोकळी सोडून घेतली, तेव्हा तिने आपल्या कागदांवर सही केली. चौऱ्याऐंशीपैकी छप्पन हप्ते फेडले आहेत. एकही चुकलेला नाही.

३. तीन वर्षांपूर्वी पत्नीस विस्मृतीचा आजार जडला. डॉक्टरांचा दाखला आपल्या दप्तरी आहेच. दाखल्यात नाही ते लिहितो. कुडाळच्या माहेरची विहीर, तिथली गाय, गायीचे नाव, सगळे तिला आठवते. गेल्या गणपतीपासून मला मात्र ती ओळखत नाही. मला काका म्हणते. चहा देते, पण कप उंबऱ्यापाशी ठेवते, परक्या माणसासाठी ठेवतात तसा. लग्नाला बावन्न वर्षे झाली, साहेब. फार लागते हो.

४. या वर्षी ती तीन वेळा घरातून निघून गेली आणि भोईवाड्याच्या नाक्यावर सापडली. माझे हृदयाचे दुखणे आहे, तिला हाताला धरून परत आणण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नाही. मुलगी नाशिकला असते, तिच्या दोन खोल्यांत चार माणसे आहेत. पनवेलच्या पुढे अशा रुग्णांसाठी एक केंद्र आहे. तिथे नवरा-बायकोला मिळून एक खोली देतात. अनामत भरायला घर विकण्याशिवाय मार्ग नाही. ती खोली आमच्यासाठी ३० नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवली आहे.

५. खरेदीदार श्री. धनेश पोवळे यांचे लालबागला मसाल्याचे दुकान आहे. माणूस सरळ. संच छपरावरच राहू द्या, अठ्ठावीस हप्ते मी भरतो, असे ते स्वतःहून म्हणाले. परंतु हप्ते त्यांच्या नावे झाल्याचे आपले पत्र मिळाल्याशिवाय त्यांची बँक घरासाठी पैसे सोडत नाही. आपला नियम असा की कर्जदाराने आपल्या अधिकाऱ्यासमोर स्वखुशीने सही करावी. घराच्या पैशातून कर्ज एकदम फेडतो म्हटले, तर फेडीच्या पत्रालाही कर्जदाराचीच सही. कोर्टातून तिचे पालकत्व घ्यावे तर वकील म्हणतात सहा महिने. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

६. दि. ४ नोव्हेंबर रोजी आपले श्री. अनिश सही घ्यायला घरी आले. मुलगा सभ्य आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने पत्नीस विचारले, आजी, हप्ते दुसऱ्याच्या नावे करायचे का? ती म्हणाली, "आमचे हे कामावर गेलेत. ते आल्यावर विचारून सांगते." मग हे कोण बसलेत, म्हणून त्याने माझ्याकडे बोट केले. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, पण मला ऐकू आले : "हा म्हातारा रोज येतो. घर विकायचं म्हणतो. तू जरा पोलिसांत सांग बाबा." त्यावर अनिशने तिला यजमानांचे नाव विचारले. तिने पदर सावरला, मान खाली घातली आणि गप्प बसली. अनिशने कागदावर लिहिले : "पतीचे नाव सांगता आले नाही."

७. या नोंदीस माझी सक्त हरकत आहे. आमच्या पिढीच्या कोकणातल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, साहेब. रेशन कचेरीत विचारले तरी शेजारणीकडून सांगवतात. तिला नाव आठवले नाही असे नाही. तिने ते घेतले नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते आपल्या दप्तरात कुठेतरी नोंदले जावे, एवढीच माझी इच्छा होती.

८. म्हणून दि. १४ रोजी आपल्या सीमा मॅडम आल्या तेव्हा मीच त्यांना सुचवले की नाव विचारू नका, उखाणा घ्यायला सांगा. मॅडम हसल्या, पण त्यांनी सांगितले. चंपाने जराही न अडखळता घेतला :

"चुलीवरचा भात उतरून मांडून ठेवलं ताट,
गुणाजीरावांची बघते मी दारात उभी राहून वाट."

मी तिच्यापासून तीन हातांवर बसलो होतो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी जुनी नोंद खोडून "नाव सांगितले" असे लिहिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग त्यांनी संमतीपत्र पुढे ठेवले. चंपा मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा, आमच्या घरचं बोलणं आहे. मी गल्लीत जाऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी मॅडम कोरा कागद घेऊन बाहेर आल्या. उत्तर तेच, ते येऊ देत, मग बघू. त्यानंतर आपले दि. १८ चे पत्र आले.

९. आता जे लिहितो त्यास कोणी वेड म्हणेल. म्हणू दे. सोमवारी, दि. २४ रोजी, मी सलूनमध्ये जाऊन केस काळे करून घेतले. कचेरीत घालत असे तो निळ्या रेघांचा सदरा पेटीतून काढला, पोटावर बसत नव्हता, तरी घातला. हातात डब्याची पिशवी घेतली. दुपारभर शेजारच्या गंगुबाई तिच्याजवळ बसल्या आणि मी भोईवाड्याच्या बागेत. संध्याकाळी सहा वाजता मी घराची कडी वाजवली. आपले संमतीपत्र खिशात होते, पेनही होते. सीमा मॅडम शेजारी गंगुबाईंकडे येऊन थांबल्या होत्या. हाक मारली की येईन म्हणाल्या. त्यांचे हे करणे नियमात बसत नसेल तर त्याचा दोष माझ्याकडे घ्यावा.

१०. दार चंपाने उघडले. म्हणाली, "आज उशीर केलात." हातातली पिशवी घेतली. पाय धुवायला पाणी दिले. चहा माझ्या हातात दिला, साहेब, हातात. आणि समोर बसून रडवेली होऊन सांगू लागली, तो म्हातारा रोज येतो, चांगला दिसतो पण नियत बरी नाही, घर विका म्हणतो, पोरीच्या वयाच्या बायांना घेऊन येतो, कागद पुढे करतो. मला एकटीला भीती वाटते. तुम्ही कुठे सही करू नका आणि मलाही करायला सांगू नका. असे म्हणून तिने माझा हात धरला.

११. मी म्हटले असते तर तिने सही केली असती. तिने आजवर माझा एकही शब्द खाली पडू दिलेला नाही. मॅडमना फक्त हाक मारायची होती. पण तिच्या लेखी त्या वेळी जगात तिचे माझ्याशिवाय कोणी नव्हते, आणि तिला फसवणारा म्हातारा खिशात कागद घालून मीच समोर बसलो होतो. माझ्याच्याने झाले नाही. नाही विकत, असे मी तिला वचन दिले. गंगुबाईंकडे निरोप पाठवला की मॅडमना घरी जाऊ द्या.

१२. सबब, हप्ते श्री. पोवळे यांच्या नावे करण्याबाबतचे माझे सर्व अर्ज रद्द समजावेत. त्यांचा बयाणा मी काल परत केला. पनवेलची खोलीही सोडली आहे. पुढे कसे होईल ते मला ठाऊक नाही आणि आपल्याकडे त्याचे उत्तर मागतही नाही. अठ्ठावीस हप्ते पूर्वीप्रमाणे सौ. चंपा गुणाजी परुळेकर यांच्याच नावे जमा होत राहतील. दबावाबाबतचा शेरा मात्र खोडू नये. तो खरा आहे.

१३. पुढे कधी संचाच्या तपासणीसाठी वा अन्य कामासाठी कोणास घरी पाठवणे झाल्यास संध्याकाळी सहानंतर पाठवावे, ही विनंती. त्याआधी मी कामावर असतो.

आपल्या संस्थेचा नियमित हप्तेकरी,

(सही)
गुणाजी विठोबा परुळेकर

सोबत :
१) संमतीपत्र, सही न केलेले.
२) डिसेंबरच्या हप्त्याचा धनादेश.