समर्थकांच्या रांगेत

प्रिय लोर्ना,

काल हेलेना शहरातल्या विधानभवनात तू धावत येऊन मला मिठी मारलीस. "आलीस ना माझ्यासाठी? मला वाटलं, तू त्या लसवाल्यांच्या बाजूची."

मी त्यांच्याच बाजूची होते. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरची लसीची सक्ती उठवणाऱ्या विधेयकाच्या जनसुनावणीत विरोध करायला आले होते. मी काम करते त्या कॅन्सर वॉर्डातल्या म्हाताऱ्या आर्विडने सांगून पाठवलं होतं, "आमच्यात ताकद नाही, तू बोल."

याच सक्तीपायी तुझी नर्सची नोकरी गेली. तू मला थेट समर्थकांच्या रांगेत ओढलंस, अर्धं सँडविच हातात दिलंस. माइकपाशी फक्त नाव, गाव आणि बाजू सांगायची होती. नाव-गाव सांगून मी थांबले.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, बाजू कुठली?"

तुझा हात माझ्या पाठीवर होता. मी म्हणाले, "समर्थन." प्रेमाने की भीतीने, मला अजून ठरवता येत नाही.

आज सकाळी आर्विडने विचारलं, "बोललीस का गं पोरी?"

त्याची उशी सारखी करत मी म्हणाले, "बोलले."

त्याने माझे आभार मानले. काल तूही मानले होतेस.

तुझी धाकटी बहीण,
ज्यून