गॅरेजमधला एसी

अहो,
एसीवाला गॅरेजचं माप घेऊन गेला. उकाड्यानं रंगाचे डबे खराब होतात म्हणून एसी हवा, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. त्यानं मात्र मलाच विचारलं, "ताई, साहेब डोकं कुठल्या भिंतीकडे करून झोपणार? वारा थेट अंगावर नको म्हणालेत." मी हसून वेळ मारून नेली.

मग डब्यांमागे डोकावले. तुमची उशी तिथे आहे, वर नवी कोरी चादर. रंगाला कधीपासून उशी लागायला लागली?

मी ताईकडे जाऊन येते. भात कुकरमध्ये आहे. उद्या सकाळी दहाला एसीवाला पाइपसाठी भिंतीला भोक पाडायला येणार आहे. त्याला येऊ द्यायचं की नाही, ते आज तुम्ही कुठे झोपता ते बघून ठरवीन.