दोराची जाडी

सर, परवा रविवारी आपल्या लालबागला एका जिनिंगच्या आवारात आम्ही गाड्यांची ताकद मोजली. आधी हे सांगायला हवं की आता बुरहानपूरमध्ये गाड्यांच्या शौकिनांचा एक क्लब आहे. पंधरा-वीस जण असतील. कोणी केळीच्या व्यापारातला, कोणी डॉक्टर, दोघे पॉवरलूमवाले, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. गाड्या धुतात, सजवतात, आणि माझी गाडी तुझ्यापेक्षा जोरात पळते म्हणून भांडतात. माझं गॅरेज त्यांच्या वाटेवर, त्यामुळे मी सगळ्यांचा काका झालो. या वर्षी त्यांच्या मनात आलं की भांडण्यापेक्षा एकदा मोजूनच बघू. सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. सपाट फरशी कुठे मिळेल, मोठे पंखे कोण देईल, आवाजाचा त्रास होईल म्हणून शेजारच्यांना आधी कोण सांगून येईल, कोणाची गाडी कितव्या नंबरला. मी बोलणारा माणूस नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण याद्या मला करता येतात. त्या तुम्हीच करायला लावायचात.

इंदूरहून एका ट्रॉलीवर यंत्र आलं. त्याला डायनो म्हणतात. गाडीची चाकं दोन मोठ्या रोलरवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकांनी रोलरला किती जोर लावला ते संगणक मोजतो आणि कागदावर एक रेघ काढून देतो. तुम्ही वर्कशॉपमध्ये दोर आणि स्प्रिंगच्या ताणकाट्यावर जे करायचात तेच, फक्त जळक्या दोराचा वास येत नाही.

क्लबचा अध्यक्ष तिशीतला आहे, हौशी. त्याला भिंतीवर मोठा टीव्ही लावायचा होता. "काका, जैसे ही नंबर आया, सबके सामने. लोकं शिट्या मारतील. वही तो मजा है." मी म्हटलं, टीव्ही नको. आकडा चिठ्ठीवर छापून गाडीवाल्याच्या हातात द्यायचा. त्याला वाटलं तर तो सांगेल. डॉक्टर म्हणाले, "काका, ये रिझल्ट है की प्रेमपत्र?" सगळे हसले. मला कारण नीट सांगता येईना. एवढंच म्हणालो की व्यवस्था माझ्याकडे असेल तर असंच होईल. शेवटी अध्यक्षाने हात जोडले. "ठीक आहे बाबा. काका का रूल."

तो रूल माझा नव्हता, तुमचा होता. तुम्ही आम्हाला आयटीआयत शिकवत होतात तेव्हा आजूबाजूच्या गावांत निरोप धाडला होता की ज्याला आपल्या पाण्याच्या इंजिनाची ताकद तपासून हवी त्याने अमक्या दिवशी वर्कशॉपवर यावं. घेणाऱ्याला पाच हॉर्सपॉवरचं म्हणून सांगितलेलं इंजिन खरोखर किती जोर लावतं, हे कोणालाच माहीत नसायचं. मी दुसऱ्या वर्षाला होतो, अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे. बैलगाड्यांवर इंजिनं आली आहेत. वर्कशॉपच्या मागे निंबाखाली माणसं उकिडवी बसली आहेत. तुम्ही इंजिनाच्या चाकावर दोर गुंडाळता, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला ताणकाटा. चाक फिरतं, दोर घासतो, धूर निघतो, दोघं जण डब्याने पाणी ओततात. तुम्ही वाचता, मी लिहितो, मी गुणाकार करतो. फोपनारचा एक शेतकरी आपलं इंजिन नव्या नवरीसारखं पुसून घेऊन आला होता. त्याचा हिशेब संपला आणि मी उत्साहाच्या भरात ओरडलो, "चार!"

लोकांना तेवढंच हवं होतं. "पाचाचं होतं ना रे भाऊ? एक घोडा कुठं चरायला गेला?" दुसरा म्हणाला, "केळीत शिरला असंल, बघ जाऊन." तो माणूस इंजिन गाडीवर चढवून, दोरी आवळून निघून गेला. तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत आणि मला बाजूला नेलंत. आवाज चढवला नाहीत. "आकडा मालकाचा आहे. सांगायचा की नाही ते तो ठरवेल. तू लिहायचं, चिठ्ठी करायची, त्याच्या हातात द्यायची. तुझं काम तिथं संपलं." मग पेन्सिल परत दिलीत. मला वाटलं होतं, आता दुसऱ्या कोणाला द्याल.

पण मला जास्त आठवतं ते दुपारचं. सगळे भाकरी खायला बसले होते आणि तुम्ही डबा न उघडता माझी वही चाळत होतात. मग उठलात, कपाटातून व्हर्नियर आणलंत आणि दोराची जाडी मोजलीत. तेव्हा मला कळलं. चाकाच्या मापात दोराची अर्धी जाडी धरायची असते. तुम्ही ते वर्गात शिकवलं होतं, माझ्या जर्नलमध्ये लिहिलेलंही होतं. गुणाकार मी करत होतो, राहिलं होतं माझ्याकडून. सकाळच्या सगळ्यांचे आकडे कमी निघाले होते. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि निंबाखाली जाऊन उभे राहिलात. "मंडळी, हिशेबात माझी चूक झाली. सकाळच्या सगळ्यांचं परत काढून देतो." कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तुम्ही पण चुकता का?" तुम्ही म्हणालात, "चुकलो ना. आता जेवा निवांत, मी करतो." पुन्हा हसले सगळे. तुम्हाला हसले. मी पाण्याचा डबा धरून मागे उभा होतो.

चार वाजता तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फोपनारला घेऊन गेलात. तो शेतकरी केळीच्या बागेत पाटाला पाणी वळवत होता. तुम्ही बांधावर उभे राहून सांगितलंत, "तुमचं इंजिन सव्वाचारच्या वर आहे. पाच नाही. पण चार म्हटलं ते आमचं चुकलं." त्याने फावडं बांधाला टेकवलं. "एवढ्यासाठी सायकल हाणत आले, मास्तर?" मग घरी नेलं, चहा दिला, केळीची एक फणी कॅरिअरला बांधून दिली, ती मला वाटभर मांडीवर धरावी लागली. येताना तुम्ही एवढंच बोललात की चेन सैल झाली आहे. चूक माझी होती हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, मलाही बोलून दाखवलं नाहीत, परीक्षेच्या वेळी नाही, कधीच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला ट्रेनिंगला होतो. मला आठ दिवसांनी कळलं. तोपर्यंत मीही कोणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हालाच सांगतोय, ज्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

तर रविवार. सकाळी आठपासून गाड्या लागल्या. टीव्ही नव्हता तरी काही अडलं नाही. ज्याचा आकडा चांगला आला तो चिठ्ठी हवेत नाचवत स्वतःच ओरडत होता. कॉलेजच्या बाईंनी तर चिठ्ठी गाडीच्या काचेला आतून चिकटवली. खंडव्याहून आलेल्या एकाने चिठ्ठी वाचली, चार घड्या केल्या, आणि पोहे खायला गेला. कोणी विचारलं नाही. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, सर असते तर एका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे राहिले असते.

अकराव्या नंबरला राजपुऱ्यातले एक कापड दुकानदार होते. साठीचे, माझ्यापेक्षा थोडे मोठे, मला भाऊ म्हणतात. त्यांची गाडी जुनी आहे. तिचं इंजिन मी गेल्या दिवाळीच्या आधी पूर्ण उतरवून बांधलं होतं. ते सकाळपासून सगळ्यांना सांगत फिरत होते, "इंजिन आमच्या भाऊंनी बांधलंय. कंपनीत पण असं नाही बांधत." गाडी बांधली, पळवली. चाकापाशी ऐंशी हॉर्सपॉवरच्या आसपास यायला हवं होतं. चिठ्ठी निघाली, सदुसष्ट. चिठ्ठ्या मीच देत होतो, म्हणून आकडा आधी मला दिसला, आणि आकड्यापेक्षा ती रेघ दिसली. सुरुवातीला छान चढत होती आणि वर जाऊन लवकरच बसली होती. सर, अशी रेघ म्हातारपणाने येत नाही. इंजिनाचा बेल्ट बसवताना दोन खुणा समोरासमोर आणायच्या असतात. तिथे एक दात पुढे बसला की गावात गाडी चटपटीत वाटते, उलट बरी वाटते, आणि जोर लावायच्या वेळी कमी पडते. तो बेल्ट माझ्या हातांनी बसवलेला. त्यांनी आठ महिने गाडी चालवली आणि त्यांना कळलं नाही, कारण त्यांचा विश्वास होता.

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, माझ्याकडे बघितलं आणि खिशात ठेवली. सगळे गोळा झाले. "शेठजी, कितने घोड़े निकले?" "सांगा ना, भाऊंचं इंजिन आहे!" ते म्हणाले, "आपल्याला पुरेसे आहेत. दुकान ते स्टेशन जायला अजून किती लागतात?" हशा झाला. अध्यक्ष म्हणाला, "मतलब तोप निकला है, छुपा रहे हैं!" ते नुसते हसले. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "गाडीचं पण वय झालं ना भाऊ, चालायचंच. तुम्ही सकाळपासून उभे आहात, दोन घास खाऊन घ्या."

मी खाल्ले, सर. पुरी-भाजी होती. माझ्याच रूलमुळे माझं झाकलं गेलं, आणि पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर दिवसभर तेच डोक्यात राहिलं. आकडा त्यांचा होता, तो त्यांनी सांगितला नाही, इथपर्यंत बरोबर. पण चूक तर त्यांची नव्हती. तुम्ही दुसऱ्याची चूक आपली म्हणून निंबाखाली उभे राहिलात आणि मला माझी स्वतःची त्यांच्या कानातसुद्धा सांगता आली नाही. पंखे परत केले, पट्ट्या मोजल्या, फरशी झाडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काका, एकदम बढ़िया मॅनेजमेंट." मी मान हलवली. माझ्यासाठी दुसऱ्यांदा कोणीतरी गप्प बसलं होतं.

आज मंगळवार. काल मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, ऑइल बघायचंय, गाडी पाठवून द्या. खरं कारण तोंडातून निघालं नाही. सकाळी आठला त्यांनी स्वतःच गाडी आणून सोडली. अकराला घ्यायला येतील. मी बेल्टचं कव्हर काढलं. खूण एक दात पुढे आहे, आरशासारखी स्वच्छ दिसते. दुरुस्तीला तासभर पुरतो. आता साडेनऊ झालेत. बेल्ट बसवला, कव्हर लावलं, तर अकरा वाजता ते येतील, गाडी घेऊन जातील, आणि पुढच्या वेळी क्लबात सांगतील की भाऊंनी ऑइल बदललं आणि गाडी अशी सुटली म्हणून सांगू. माझं नाव आणखी मोठं होईल.

हे मी जॉब कार्डांच्या पाठीवर लिहितोय, कुठे पाठवायचं नाही म्हणून चालतं. समोर गाडी उभी आहे. बोलायचं ठरवलंय, पण मी स्वतःला ओळखतो. ते आले की मी चहा सांगेन, दुकान कसं चाललंय विचारेन, आणि विषय निघून जाईल. म्हणून कव्हर उघडंच ठेवलंय आणि त्यांची खुर्ची इंजिनाच्या अगदी समोर मांडली आहे. ते विचारतील हे काय, आणि मग मला सांगावंच लागेल. तुमच्यापुढे कशाला लपवू, खुर्ची मांडायच्या आधी बेल्ट गुपचूप बसवून टाकायला पाना दोनदा हातात घेतला होता.